फळी लागते

पोस्टडॉक म्हणजे नक्की काय, हे नातेवाइकांना समजावून सांगणं पोस्टडॉक करण्यापेक्षा अवघड असतं. तिनं तो नाद केव्हाच सोडला होता आणि ते काम बाबांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. "आमची माऊ पेशींना जेलमध्ये ठेवते आणि त्या तिथे कशा वागतात ते बघते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऐकणारा दचकला की बाबांचा दिवस चांगला जाई. हे जेल म्हणजे तुरुंग नव्हे, काचेवर पसरलेला थलथलीत पारदर्शक थर असतो, हे तिनं त्यांना दहा वेळा सांगून झालं होतं. पण हाती लागलेला विनोद सोडून देतील तर ते बाबा कसले.

बाबांचा सगळा जन्म गाद्या भरण्यात गेला. आता दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. वहिनी नुकतीच बाळंत झालेली, आई तिकडे अडकलेली, तेव्हा ऑपरेशन माऊकडेच करायचं ठरलं. डोळ्यांचा दवाखाना तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी बसली. दुसरा डोळा आधीपासूनच अधू, त्यानं बाबांना फक्त उजेड-अंधार आणि माणसांच्या आकृत्या दिसत. खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, खोकायचंसुद्धा बेतानं, असा डॉक्टरांचा हुकूम होता. बाबांनी तो मोडला नाही, पण दिवसभर त्याच्याविरुद्ध बोलत राहिले.

माऊची वेळ मात्र आणीबाणीची होती. वय छत्तीस, तिसरं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तिसरी मुदतीची संशोधकी, आणि त्याचेही तीनच महिने शिल्लक. पुढच्या शुक्रवारी तिची मुलाखत होती. एका दुसऱ्या संस्थेत, स्वतःच्या प्रयोगशाळेसाठी. दारावर स्वतःची पाटी, स्वतःचं कपाट, स्वतःचे प्रश्न. बारा वर्षं ती दुसऱ्यांच्या कपाटातले दोन कप्पे वापरत आली होती. ही जागा मिळाली नाही तर पुढे काय, हे ती स्वतःलाही विचारत नव्हती.

आणि मुलाखतीत दाखवायला तिच्याकडे घबाड होतं. पेशीला हातपाय नसतात, पण ती जिथे बसते तिथली जमीन चाचपते, ओढून बघते. जमीन टणक लागली तर ऐसपैस पसरते. मऊ लागली तर अंग चोरून गोल होते. एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. माऊनं पुढची गोष्ट शोधली होती. दहा दिवस टणक प्लास्टिकवर वाढवलेल्या पेशी तिनं उचलून मऊ जेलवर ठेवल्या, तरी त्या पसरलेल्याच राहिल्या. दोन दिवस, पाच दिवस, दहा दिवस. म्हणजे पेशींना टणक दिवसांची आठवण राहते. 'आठवण' हा शब्द मॅडमना इतका आवडला, की त्यांनी तो थेट शोधनिबंधाच्या मथळ्यात घातला. मॅडम म्हणजे तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या सहसा कशावर खूश होत नसत. पण माऊनं काढलेलं एका पेशीचं चित्र त्यांनी मोठं छापून आपल्या खोलीत भिंतीवर लावलं होतं.

रविवारी सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा बाबा सोफ्यावर उठून बसले होते. हा सोफा रात्री उलगडला की पलंग व्हायचा.

"झोप लागली का?"

"लागली. फळीपण लागली."

"मऊ तर आहे. मी स्वतः दाबून बघून घेतलाय."

"हातानं दाबलास ना. हात थोडाच झोपतो त्याच्यावर," बाबा म्हणाले. "वरून मऊच आहे. पण माणूस सगळाच्या सगळा रेलला की खालची फळी लागते. दोन बोटं जाडी आहे नुसती."

तिनं ते कानाआड केलं. तिला मुलाखतीच्या भाषणाची तालीम करायची होती आणि घरात श्रोता एकच होता. बाबांना चित्रं दिसणार नव्हती, म्हणून तिनं सगळं तोंडानं सांगितलं. काचेची चकती, तिच्यावर जेलचा थर, थरावर पेशी. पेशी कशी पसरते, कशी ओढते, प्लास्टिकवर वाढलेली पेशी मऊ गादीवर येऊनसुद्धा कशी हटून बसते. 'गादी' हा शब्द तिनं खास त्यांच्यासाठी वापरला होता. बाबा चहा गार होऊ देऊन ऐकत होते.

"किती जाडीची?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"गादी."

"मऊपणा मोजलाय बाबा. बारीक सुई टोचून मोजतो आम्ही, यंत्रानं."

"म्हणजे तुझंही काम दाभणाशिवाय चालत नाही. पण मऊपणा नाही विचारला मी. जाडी विचारली."

"पातळ आहे. पातळच असते ती."

"मग फळी लागत असेल तिला."

"बाबा, पेशी केवढी असते माहितीये का? तिचं वजन काय, ती दाबणार काय?"

"दाबत नाही ग, ओढते. तूच म्हणालीस आत्ता." बाबांनी कप चाचपून उचलला. "रात्रभर तळमळणाऱ्या माणसाची गादी आधी कामातून जाते. गप पडून राहणाऱ्याची टिकते. आमच्याकडे दुरुस्तीला यायच्या ना, त्यावरून कळायचं कोण कसं झोपतं ते."

"तुमच्या गाद्या वेगळ्या आणि आमच्या वेगळ्या," ती म्हणाली. जरा जोरातच म्हणाली. बाबा बिस्किट चहात बुडवून खाऊ लागले. त्यांना टाकून बोलल्याबद्दल तिला वाईट वाटलं, पण माफी मागायला तोंड उघडलं असतं तर दुसरंच काही बाहेर पडलं असतं. कारण प्रश्न बरोबर जागी लागला होता.

जाडीचं तिला माहीत नव्हतं असं नाही. या कामात ते पहिल्याच वर्षी शिकवतात. जेल फार पातळ असेल तर पेशीची ओढ थेट खालच्या काचेपर्यंत पोचते आणि तिला मऊ काही जाणवतच नाही. तिनंही पहिलं वर्षभर चांगली जाड जेलं केली होती. चकतीवर पंचवीस मायक्रोलीटरचा थेंब टाकायचा, वरून दुसरी चकती ठेवायची, जेल धरलं की ती अलगद सोलून काढायची. मऊ जेलवरच वाढवलेल्या पेशी कशा गोल राहतात, ते मोजमाप त्याच जाड जेलांवरचं होतं. सुईनं मऊपणा मोजला तोही त्यांच्यावरच.

मग नवीन भिंग आलं. सूक्ष्मदर्शकाची खोली सांभाळणारे एक गृहस्थ होते, त्यांना लहानथोर सगळे भिंगकाका म्हणत. त्यांनी ते भिंग तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांत धरून आणलं होतं. त्यातून पेशीतला दोरा न् दोरा दिसायचा. पण त्याला जवळचंच दिसायचं, जाड जेलच्या वर बसलेल्या पेशीपर्यंत त्याची नजर पोचत नव्हती. म्हणून तिनं थेंब लहान केला. पंचवीसचा दहा, दहाचा पाच, पाचाचा तीन. फक्त चित्रांपुरता, तात्पुरता. चित्रं अशी देखणी आली की मॅडम पहिल्यांदा "वा" म्हणाल्या. त्या एका 'वा'नंतर तात्पुरता थेंब कायमचा झाला. आठवणीचे सगळे प्रयोग तिनं तीनच्या थेंबावर केले, आणि तुलना मात्र पंचवीसच्या थेंबावरच्या जुन्या मोजमापाशी. ते नव्यानं करायला तीन महिने लागले असते. नंतर बघू म्हणून तिनं वहीत एक खूण करून ठेवली होती. ती खूण अजून तिथेच होती.

सोमवारी सकाळी तिनं भिंगकाकांना गाठलं. "काका, एक जाडी मोजायचीये." त्यांनी भिंग आधी काचेवर रोखलं, मग चाक हळूहळू फिरवत जेलच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत आणलं आणि आकडा वाचला.

"नऊ मायक्रॉन."

"पुन्हा बघा ना."

काकांनी तीन ठिकाणी बघितलं. नऊ, अकरा, सात. माणसाचा केस सत्तर मायक्रॉन असतो. तिचं मऊ जेल केसाच्या जाडीचा सातवा-आठवा हिस्सा होतं आणि त्याच्याखाली काच होती.

त्याच दिवशी तिनं दोन्ही प्रकारची जेलं केली, एकाच बाटलीतून. सहा चकत्यांवर तीनचा थेंब, सहांवर पंचवीसचा. प्लास्टिकवर वाढलेल्या त्याच पेशी दोन्हींवर सोडल्या, चकत्यांच्या डब्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या आणि दाराला लावलेल्या चिठ्ठीवर तारीख घातली. पुढचे दोन दिवस तिनं काय केलं, हे तिला नंतर नीट सांगता आलं नसतं. बाबांच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे ते मात्र चुकले नाहीत. पट्टी उचलून थेंब घालताना बाबा म्हणाले, "हा गालावर पडला." ती म्हणाली, "तुम्ही पापणी मिटलीत."

बुधवारी सकाळी तिनं डब्या भिंगाखाली धरल्या. आधी पातळ जेलं. पेशी ऐसपैस पसरलेल्या, भिंतीवरच्या चित्रासारख्याच. मग साधं जुनं भिंग लावून जाड जेलं. तिथे सगळ्या पेशी अंग चोरून गोल बसल्या होत्या. पहिली चकती, दुसरी, सहाच्या सहा. दोन दिवसांत त्या प्लास्टिक साफ विसरल्या होत्या.

आठवण वगैरे काही नव्हतीच. पेशींना फळी लागत होती. अडीच वर्षं तिनं बिचाऱ्यांना काचेवर झोपवलं होतं आणि त्या जुने दिवस आठवून जागतात असं जगाला सांगायला निघाली होती. ती स्टुलावर बसून राहिली. तिला आपल्या चुकीची लाज वाटली, मॅडमची भीती वाटली, आणि सगळ्यात जास्त त्या दारावरच्या पाटीचं वाईट वाटलं. पाटीवरची अक्षरंसुद्धा तिनं मनात ठरवून ठेवली होती.

दुपारी ती घरी आली. बाबा रेडिओ लावून बसले होते. त्यांनी तिच्या पावलांवरूनच ओळखलं आणि रेडिओ बंद केला.

"फळी लागत होती," ती म्हणाली.

बाबा 'मी सांगत होतो' म्हणाले नाहीत. "किती गाद्या झाल्या तशा?" एवढंच त्यांनी विचारलं.

"अडीच वर्षांच्या सगळ्या."

बाबांनी सोफा हातानं थोपटून तिला जवळ बसायला जागा दाखवली. ती बसली आणि लहानपणी रडायची तशी, नाक ओढत रडली. त्यांनी समजूत काढली नाही. तिला दुकान आठवत होतं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की शेजारचे दुकानदार "ठेवून जा, बघतो" म्हणायचे. बाबा तसं कधी म्हणाले नाहीत. ते गादी तिथल्या तिथे फरशीवर पसरायचे, गिऱ्हाइकाला स्टूल द्यायचे आणि त्याच्यासमोर टाके उसवायला घ्यायचे. कापूस कुठे कमी पडला, कुठे गोळा झाला, सगळं त्याला उघडं करून दाखवायचे. आई आतून डोक्याला हात लावायची.

"शुक्रवारी मुलाखत आहे," ती म्हणाली. "काय बोलू मी तिथे?"

"ते मला काय कळतंय. पण गिऱ्हाइकाला कुणी दुसऱ्यानं उसवून दाखवलं ना, तर ते परत येत नाही."

मॅडमच्या खोलीत ती गुरुवारी गेली. भिंतीवर ते चित्र होतंच, हातभर रुंद, निळं-हिरवं. तिनं दोन्ही जेलांचे फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि उठून दार लावून घेतलं.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"बाबांना."

"ते काय म्हणाले?"

"त्यांनीच सांगितलं मला. गाद्या करायचे ते."

मॅडमनी दोन्ही फोटो जवळ ओढून पाहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ. हा एक प्रयोग आहे. अजून तीन वेळा करावा लागेल, तेव्हा कुठे काही म्हणता येईल. तोपर्यंत जुनं ते जुनं आहे. उद्या तू जुनंच बोललीस तर तुला कुणी खोटारडी म्हणणार नाही. निबंध मी थांबवते. पण नोकरी काही रोज उठून येत नाही."

त्यांना तिचं भलंच हवं होतं आणि त्या म्हणत होत्या त्यात खोटं असं काही नव्हतं. म्हणूनच ते तिला जास्त अवघड गेलं. रात्रभर घासाघीस करून तिनं मनाशी ठरवलं, की जुनंच बोलायचं. सकाळी उठून तिनं ठरलेलंच भाषण पिशवीत टाकलं. आणि पिशवीची चेन लावता लावता ते दोन फोटोही टाकले.

मुलाखतीच्या खोलीत लांब टेबलापलीकडे पाचजण होते. एका टोकाला एक म्हातारे प्राध्यापक सारखे खाकरत बसले होते. तिनं सुरुवात केली आणि भाषण छान जाऊ लागलं. चित्रं आली तशा माना पुढे झाल्या. अध्यक्षबाईंनी शेजाऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या. दहा मिनिटं तिला सगळं मिळालं होतं, पाटीसकट. मग शेवटचं चित्र आलं, मॅडमच्या भिंतीवरचं. ती थांबली. पुढे नुसतं "धन्यवाद" म्हणायचं होतं.

"आता हे मी तुमच्यासमोर उसवते," ती म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही. तिनं दोन फोटो काढून टेबलावर ठेवले. थेंबाचं सांगितलं, भिंगाचं सांगितलं, वहीतल्या खुणेचंसुद्धा सांगितलं. कुठे काय कमी पडलं ते सगळं उघडं केलं. गाडी कुठे अडली नाही.

"मग या अडीच वर्षांतून तुमच्याकडे उरलं काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांनी ते दुष्टपणे विचारलं नव्हतं.

याला एखादं चटपटीत उत्तर असायला हवं होतं. ते तिला नंतर बसमध्येही सुचलं नाही. "थोडंच," ती म्हणाली. "किती जाडीपासून फळी लागायची थांबते, ते मात्र आता मी मोजून सांगू शकते." टोकाचे प्राध्यापक खाकरायचे थांबले होते. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि वर बघितलं नाही.

पुढच्या बुधवारी बाबांचा डोळा तपासून झाला. पट्टी निघाली होती, आता फक्त काळा चष्मा. घरी आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी तिचा सोफा बघितला आणि नाक मुरडलं. मग म्हणाले, "ते चित्र दाखव तुझं." तिनं लॅपटॉप उघडून भिंतीवरचं चित्र दाखवलं. बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"देखणं आहे ग," ते म्हणाले. "हे आधी बघितलं असतं तर मीसुद्धा नसतं विचारलं."

मॅडमनी ते चित्र अजून भिंतीवरून काढलं नव्हतं. त्याच्याखाली पेनानं 'जाडी नऊ मायक्रॉन' असं लिहिलं होतं आणि येईल त्याला त्या ते वाचायला लावत होत्या.

बाबा चित्र बघत होते तेव्हाच फोन आला. अध्यक्षबाई स्वतः बोलल्या, नीट बोलल्या. जागा दुसऱ्या कुणाला दिली होती. माऊनं "कळवल्याबद्दल आभारी आहे" म्हटलं, फोन पालथा ठेवला आणि पाणी प्यायला आत गेली. अपेक्षा नव्हती असं ती स्वतःला सांगत होती, पण होती. चांगली घसघशीत होती. ती ओट्याला धरून उभी राहिली. बाबांनी आत यायची घाई केली नाही.

ती बाहेर आली तेव्हा लॅपटॉपवर एक मेल येऊन पडलं होतं. त्या खाकरणाऱ्या प्राध्यापकांचं. मजकूर चार ओळींचा होता. तिनं तो एकदा मनात वाचला, आणि मग बाबांसाठी मोठ्यानं. आमच्याकडे गेली चार वर्षं दोनचा थेंब वापरतात. तीन प्रबंध त्याच्यावर उभे आहेत. जाडी कुणीच मोजलेली नाही. महिनाभर येऊन मोजून द्याल का?

"नोकरी?" बाबांनी विचारलं.

"नाही मिळाली."

"मग हे काय आहे?"

"ते जाडी विचारतायत, बाबा."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या दुकानात उसवलेली गादी पुन्हा भरून झाली, की काही गिऱ्हाइकं जाता जाता म्हणायची, घरी अजून तीन आहेत, येऊन बघाल का. मग बाबा पिशवी उचलायचे.

"म्हणजे गिऱ्हाईक परत आलं," ते म्हणाले.

तिला हसू आलं आणि हसता हसता पुन्हा रडूही आलं, आणि दोन्ही तिनं आवरायचा प्रयत्न केला नाही. बाबा तोवर सोफ्याची गादी काढून तिच्या कडेचा टाका नखानं चाचपत होते. वाकायचं नाही हे ते विसरले होते.

"कधी निघतेस?" त्यांनी न बघताच विचारलं.

"पुढच्या सोमवारी."

"जाताना दाभण विसरू नकोस," बाबा म्हणाले, आणि तिला कात्री आणायला सांगितली.